विरत जाणारी गाणी

रविवार, १२ ऑक्टोबर
सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुम्हीही सगळे बरे असावात म्हणून रोज प्रार्थना करतो. रोज म्हणजे अगदी रोज. तू बोलत नाहीस म्हणून देवासमोर तुझं नाव गाळलेलं नाही.

पत्र बघून हसशील. आजकाल कोण पत्र लिहितं? पण फोनवर बोलणं मला हल्ली जमत नाही. का, ते पुढे येईलच. शिवाय फोन मधेच कापता येतो, तसं पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस चार ओळी तरी वाचतोच.

इकडची खबरबात अशी. मी अजून खोक्यांच्या कारखान्यातच आहे. पण पुठ्ठा कापायच्या मशीनवरून मला मालाच्या खोलीत हलवलंय. काम हलकं आहे, खिडकी आहे, खिडकीबाहेर एक झाड आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे. परवाच म्हणाली, "धाकट्या भावजींना लिहायचंय तर लिहा एकदाचं. नुसतं पेन चावून शाई पोटात जाईल."

तर, मला एक नवा नाद लागलाय. तुझ्या लेकीने लग्नाच्या आधी आपल्या दोघांच्या फोनवर ते गाण्यांचं ॲप टाकून दिलं होतं, आठवतं? "मोठे काका, एकाच खात्यात तुम्ही आणि बाबा दोघं. मी सासरी गेल्यावर भांडा खुशाल." पहिलं वर्षभर मी त्याला हात लावला नाही. मग मालाच्या खोलीत आल्यावर दुपारी वेळ मिळू लागला आणि हळूहळू मी त्यात प्लेलिस्ट करायला शिकलो. आपल्या लहानपणची, तरुणपणची गाणी शोधायची आणि एकेका नावाखाली गोळा करायची.

लोक म्हणे प्रेमाची, नाचाची, पावसाची अशी वाटणी करतात. माझ्याच्याने ते होईना. गाणं कुठे ऐकलं, त्यावरूनच ते मला आठवतं. म्हणून माझ्या याद्यांची नावं बघ: 'वडील घरात नसताना'. 'सायकल ढकलत नेताना'. 'शेजारच्या घरून आलेली'. या शेवटच्या यादीतली गाणी मला अर्धीच माहीत होती, कारण शेजारची ताई कडव्याच्या मध्यावर खिडकी लावून घ्यायची. आता पन्नाशीला टेकल्यावर त्यांचे शेवट ऐकतोय. काही शेवट मी मनात केलेल्या शेवटांपेक्षा साधे निघाले. बरं वाटलं.

परक्या भाषेतली गाणी शोधायला मात्र घाम फुटला. त्यांची नावं आपल्याला कुठे ठाऊक होती? आपली नावं आपली: कपबशीचं गाणं, खोकल्याचं गाणं, 'हेडमास्तर जिन्यावरून पडले' गाणं. ती नावं त्या ॲपला सांगून उपयोग नव्हता. मग एका गायकावरून दुसऱ्याकडे, त्याच्यावरून तिसऱ्याकडे, असा गल्लीबोळ फिरत बसायचो. कपबशीचं सापडलं तेव्हा मालाच्या खोलीत एकटाच टाळ्या पिटत होतो. हिशेबनीस डोकावून म्हणाला, "काय हो, लॉटरी?" म्हटलं, "त्याहून मोठं."

या सगळ्यांत माझी लाडकी यादी वेगळीच आहे. तिचं नाव 'विरत जाणारी'. जुन्या कितीतरी गाण्यांना शेवटच नसतो, बघितलंस का? गायक तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहतो आणि आवाज कमी कमी होत जातो. लहान असताना मला वाटायचं, ते लोक गात गातच रस्त्याने पुढे निघून गेले. अजूनही कुठेतरी गात असतील. देवाबद्दल मला थोडंफार तसंच वाटतं, पण ते राहू दे, तू चिडवशील.

ही यादी मी एकदा घरी लावली होती. वहिनी भाजी निवडत होती. गाणं विरलं, मी पुढचं लावायला फोन उचलला, तर म्हणाली, "अहो, चालू आहे की अजून!"

"कुठे चालू आहे?"

"हे काय, ती बाई गातेय ना." आणि तिने ती ओळ गुणगुणून दाखवली.

मी फोनच्या आवाजाला दोष दिला आणि विषय बदलला.

पण फोनमध्ये दुसरीही एक गोम होती. संध्याकाळी घरी येऊन गाणं लावलं की मधेच बंद पडायचं. पुन्हा लावलं की पुन्हा बंद. शिवाय याद्यांमध्ये मी न टाकलेली गाणी दिसू लागली. 'सायकल ढकलत नेताना' मध्ये एक असं गाणं आलं, जे तिथे असायलाच हवं होतं आणि मी साफ विसरलो होतो. मला वाटलं, हे यंत्र भलतंच हुशार झालं! आपल्या सायकलची चेन कुठे पडायची, हेसुद्धा याला ठाऊक?

शेवटी कोपऱ्यावरच्या फोन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने फोन उलटापालटा करून पाहिला.

"काका, फोन ठणठणीत आहे. तुमच्या खात्यात दुसरा कुणीतरी घुसलाय. त्याने लावलं की तुमचं बंद. एका वेळी एकाच फोनवर वाजतं. हे बघा, इथे नाव पण येतंय: 'बाबा'. कोण बाबा?"

मी ते नाव पुन्हा वाचलं.

"चोर दिसतोय. बाहेर काढू का? एक बटण दाबलं की कायमचा बाहेर."

बारक्या, मी त्याचा हात धरला. चारचौघांत, घट्ट. "चोर नाही रे, भाऊ आहे माझा."

"मग त्यालाच फोन करून सांगा ना, माझं ऐकून होऊ दे म्हणून."

"बोलत नाही तो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "बोलत नाही, पण गाणी तुमचीच ऐकतो?" आणि फोन परत करत म्हणाला, "मग मजेत आहात की तुम्ही दोघं!"

तेव्हापासून संध्याकाळी मी आधी बघतो. 'बाबा' असं दिसलं की माझं लावत नाही. तू काय ऐकतोयस ते नुसतं वाचत बसतो. कपबशीचं गाणं तू पूर्ण ऐकतोस. खोकल्याचं अर्ध्यावर सोडतोस, ते तुला तेव्हाही आवडायचं नाही. गंमत म्हणून मी एकदा 'वडील घरात नसताना' मध्ये वडिलांचंच आवडतं गाणं टाकलं. दुसऱ्या दिवशी ते गायब! मी इतका हसलो की वहिनी पदर खोचून बघायला आली. दोन वर्षं ज्याने माझा एक फोन घेतला नाही, तो माझ्या याद्या तपासून देत होता.

मला उत्सुकता लागली, आणखी काय काय काढशील? म्हणून ते दोन आवाजांचं गाणं टाकलं. शाळेच्या कार्यक्रमात आपण म्हटलेलं, खालचा आवाज तुझा आणि वरचा, बाईचा, माझा. त्यापायी सगळी शाळा मला पुढे वर्षभर 'बाई' म्हणत होती. संध्याकाळपर्यंत तू ते काढलंस. मी परत टाकलं. तू परत काढलंस. दुसऱ्या यादीत लपवून ठेवलं, तिथूनही काढलंस. तेव्हा मात्र माझं हसू थांबलं. ही गंमत नव्हती. या गाण्यात काहीतरी रुतलेलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

खरं सांगतो, तू बोलणं का टाकलंस, हे मला आजवर कळलेलं नव्हतं. आपल्या घरात अपमान झाला तर कुणी बोलून दाखवत नाही, तोंड फिरवतात. वडील तसेच होते, आपण तसेच. वहिनीचा अंदाज असा, की लेकीच्या लग्नात तू केस काळे केले होतेस त्याला मी हसलो. मी हसलो होतो, खरं आहे. पण तेवढ्यावरून दोन वर्षं?

म्हणून तुझ्या लेकीला विचारलं. लिहूनच विचारलं. तिचं उत्तर आलं: "मोठे काका, खरंच आठवत नाही तुम्हाला?"

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या लग्नाच्या हॉलमध्ये, गाण्याच्या कार्यक्रमात, तू माईक घेऊन उभा राहिलास. "आता माझा दादा येईल, बाईचा आवाज त्याचाच," म्हणालास, सगळे हसले. वाजवणाऱ्यांनी गाण्याची सुरुवात वाजवली. मी उठलो नाही. तू पुन्हा हाक मारलीस, त्यांनी पुन्हा वाजवलं. मी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. आणखी एकदा हाक मारलीस. तोवर व्याह्यांकडची माणसं आपापसांत कुजबुजायला लागली होती. मग तू दोन्ही आवाज एकट्याने म्हटलेस.

बारक्या, मी तिचा तो मजकूर मालाच्या खोलीत उभ्याने वाचला आणि खोक्यांच्या थप्पीवर बसलो. मी मागच्या रांगेत होतो, ते मला आठवतं. शेजारी नवरदेवाचे आजोबा होते, ते विहिरीची गोष्ट सांगत होते. मी त्यांच्याकडे पूर्ण वळून, त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. हॉलमध्ये काहीतरी गडबड चालली आहे, एवढंच जाणवत होतं. वहिनी आत नवरीजवळ होती, मला कोपर मारून सांगायला कुणी नव्हतं. आजोबा मात्र मधेच थांबून स्टेजकडे बघून हसले. मला वाटलं, विहिरीच्याच गोष्टीला हसताहेत. मीही हसलो.

माझ्या डाव्या बाजूला आजोबा होते. स्टेज उजवीकडे होतं.

उजव्या कानाने मला ऐकू येत नाही. आता हे लिहून टाकलं, बरं झालं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. 'अजून चालू आहे की' नंतर वहिनीने विषय सोडला नाही. रोज एक गाणं लावायची आणि संपलं की हात वर करा म्हणायची. माझा हात नेहमी आधी वर जायचा. मग कानाच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. एका बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी इमानदारीने वाट बघत बसलो. नंतर कळलं, कितीतरी आवाज येऊन गेले होते. उजवा जवळजवळ गेलाय आणि डावाही त्याच वाटेने निघालाय. मशीनच्या आवाजाने, इतक्या वर्षांच्या. मालाच्या खोलीत माझी बदली का झाली होती, तेही तेव्हाच उमगलं; मशीनवर कुणी हाक मारली तरी मी वळत नसे. डाव्याचं किती दिवस, विचारलं, तर म्हणाले, सांगता येत नाही. कानात घालायचं यंत्र मिळेल. बोलणं समजेल, पण गाणी पूर्वीसारखी वाटणार नाहीत. एकदा लावून पाहिलं. कपबशीचं गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटलं. काढून ठेवलं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. ज्याने दिलं त्याने परत मागितलं, तर तक्रार कुणाकडे करायची? मला नवल मात्र फार वाटतं. सगळं एकदम जात नाही. आधी झांजा गेल्या. मग खिडकीबाहेरच्या झाडावरची पाखरं, ती दिसतात, चोची उघडतात, बस्स. मग बायकांचे वरचे सूर. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली: वरचं आधी जातं, खालचं मागे राहतं. मी तो कागद घेऊन बराच वेळ बसलो होतो. आपल्या घरात सगळ्यांत खालचा आवाज कुणाचा? सातवीत असताना तुझा आवाज फुटला तो विहिरीच्या तळाशी गेला, गुरुजी म्हणायचे. त्या रेघेवरून मला असं दिसतं, की माझ्या कानात शेवटपर्यंत जो टिकेल, तो तुझा आवाज असेल.

तर तू बोलायला हवंस ना?

तू हाक मारलीस आणि मी आलो नाही, एवढंच तुझ्यापर्यंत पोचलं. हाक माझ्यापर्यंत पोचलीच नाही, हे तुला कुणी सांगितलं असतं? मलाच ठाऊक नव्हतं. यात कुणाचा दोष आहे असं मला वाटत नाही. पण त्या दिवशी तू बाईचा आवाज एकट्याने कसा म्हटलास, याचं मला राहून राहून कुतूहल आहे. वरच्या सुराला तुझी फजितीच झाली असणार. ते मला ऐकायचंय. माझा आवाज अजून चढतो. वहिनी म्हणते, चढतो, पण सूर सोडून. ते मला कळत नाही, हा एक फायदाच.

ते गाणं आज सकाळी पुन्हा टाकलंय. काढायचं तर काढ, पण या वेळी समोर बसून काढ.

उत्तर लिहू नकोस आणि फोनही करू नकोस. ये. आलास तर बेल वाजवत बाहेर ताटकळू नकोस. वहिनी घरात नसेल, तर मला बेल ऐकू येणार नाही आणि तुला वाटेल, पुन्हा तेच. दार नुसतं लोटलेलं असतं. सरळ आत ये, माझ्या डाव्या बाजूने ये, आणि खांद्यावर हात ठेव.

ज्याला तू हाक मारली होतीस, तो,
दादा