आमच्या नायिकेची मिशी

मु. चिंचवड,
फाल्गुन वद्य पंचमी, सन १९५६

तीर्थरूप आबांचे चरणी ज्योतीरामाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे मी खुशाल आहे. आईचा गुडघा कसा आहे, काळीला कालवड झाली की गोऱ्हा, आणि तुमचा खोकला उतरला का, ते कळवावे. (खोकल्याचे खरे कळवावे. मागच्या वेळी बरा आहे म्हणालात आणि ते आईला कळल्यावर तिने मला निराळेच कळवले.)

आमच्या पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या मंडळींनी हौशी नाट्यमंडळ काढले आहे, हे तुमच्या कानावर आलेच असेल. चैत्रात निघोज्याच्या यात्रेत पहिला प्रयोग आहे. पडदा माझ्या घरमालकीण दुर्गाबाईंच्या दोन लुगड्यांचा, गॅसबत्ती शाळेची आणि चिटणीस मी. चिटणिसाचे काम काय, असे मला आधी कुतूहल होते. आता कळले, की जे कुणीच करत नाही ते चिटणिसाचे काम. बायकांना नाटकात कोण उभे राहू देतो? म्हणून नायिका झाला निघोज्याचाच गेनबा. आवाज गोड, कंबर बारीक, पण ओठांवर झुपकेदार मिशी. पदराने झाकून तालीम चालायची. पण प्रेमाच्या संवादात पदर सरकला, की नायक हसून खाली बसायचा. शेवटी मी गेनबाच्या मागे लागून त्याची मिशी उतरवायला लावली.

आपल्याकडे बाप गेल्यावरच मिशी उतरते, हे मी तुम्हाला काय सांगावे! पण इथे साहेबापासून कारकुनापर्यंत सगळे गुळगुळीत फिरतात, त्यामुळे मला त्याचे भानच राहिले नाही. त्यात मी गेनबाला बजावले होते, की चालताना नजर खाली ठेव, मधून मधून उसासा टाक, बाईपण अंगात भिनले पाहिजे. तो गुणी पोरगा तस्साच चाकणच्या बाजारात फिरला. तिथे त्याचे पाव्हणे भेटले. मिशी नाही, मान खाली, उसासे चालू. असल्या गोष्टी तोंडावर कोण विचारतो? त्यांनी डोळे टिपले आणि निघून गेले. गेनबाला वाटले, आपले काम लोकांच्या काळजाला भिडले.

दुसऱ्या दिवशी निघोज्याच्या शिवेपासून हेल काढून रडत बायका आल्या. गेनबाचे वडील धर्माजी ओसरीवर घोंगडी डोक्यावरून घेऊन दुपारची झोप काढत होते. गलका ऐकून जागे झाले. पण (हे मी त्यांना मुद्दाम खोदून विचारले) आपल्यामागे लोक काय बोलतात हे ऐकायची त्यांनाही हौस आली, म्हणून तसेच पडून राहिले. तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ बाळाजी आला. हा इथे चिंचवडला राहतो. शेताच्या बांधावरून दोघांचा कित्येक वर्षे अबोला. आल्या आल्या त्याने थोरल्याच्या पायांवर डोके ठेवले आणि हंबरडा फोडला, “दादा, बांध तुजाच व्हता रं!”

घोंगडी उडाली. “मंग आदी का न्हाई म्हनलास?”

दोन बायकांची दातखीळ बसली. बाळाजी पळाला नाही, पायच धरून बसला. ओसरीवर दोघे भाऊ जे रडले, त्याने रडायला आलेले पाव्हणे ओशाळले, असे गेनबा सांगतो. मला तर ते ऐकून भरून आले.

आमची मात्र पंचाईत झाली. धर्माजी काठी घेऊन तालमीत आले. “म्या हाय तवर ह्यो पुन्ना मिशी काडायचा न्हाई,” म्हणाले. गेनबाचे खुंट वाढू लागले आहेत. नायिकेवाचून प्रयोग बुडाला, तर मंडळही बुडेल, आणि मला ते सहन व्हायचे नाही. आईला नमस्कार सांगावा.

आपला,
ज्योतीराम

ता. क. नायिका मिळाली. मीच. रागावू नका. कालच मिशी उतरवली.

आणखी एक. आपल्या गावचा बबनराव माझ्याच खात्यात आहे. त्याने माझे तोंड पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि रजा टाकली. चार दिवसांनी तो गावी निघेल. आबा ठणठणीत आहेत, एवढे सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण मी सांगितले नाही. त्याची वाट सोपानकाकांच्या वस्तीवरूनच जाते. विहिरीच्या पाळीवरून वाजल्यापासून काका आपल्या अंगणात आलेले नाहीत, आणि तुम्हीही त्यांचे नाव घेत नाही. पण गेल्या दिवाळीला तुम्ही त्यांच्या वस्तीकडे बघत उभे होतात, ते मी पाहिले आहे. आईला हे आधी सांगून ठेवा. आणि काका आले, तर लगेच उठू नका. त्यांना बोलू द्या.