कांद्याची सॅक

दिंडोली, सुरत
१० एप्रिल १९९८

ती. योगराजभाऊस,

जयश्रीचा नमस्कार. मी खुशाल आहे, इकडचे सगळे खुशाल. आई-बाबा बरे असतील. शेजारच्या कलाबाई अमळनेरला माहेरी चालल्यात, त्यांच्या हाती हे पत्र देते. टपालात टाकायचं तर आधी सासरे मोठ्यानं वाचतात, अर्ध्या गल्लीला ऐकू जातं.

कलाबाईंनीच सांगितलं की आखाजीच्या सणानंतरच्या पुनवेला तुमचा कंपू साल्हेर किल्ल्यावर मुक्कामी जातोय, बरोबर नव्या पोरी आहेत. मग ऐक. त्यांना सुती घालू देऊ नकोस. घामानं भिजलेलं सुती रात्री वरच्या वाऱ्यात अंगाला गार चिकटतं. आमच्या सुरतेच्या ज्या पॉलिस्टरला तू प्लास्टिक म्हणून हिणवायचास, ते दोरीवर टाकलं की चहा होईपर्यंत वाळतं! दिवसाभराचीच चाल असेल तर पाणी, टोपी, गूळ-शेंगदाणे, बास. मुक्काम असेल तर पांघरूण तळाशी, जड डबे पाठीला लागून, कोरडे मोजे पिशवीत बांधून. टॉर्चचे सेल उलटे घालायचे, म्हणजे सॅकमध्ये बटण दाबलं गेलं तरी पेटत नाही. आणि जे आधी लागणार ते सगळ्यात वर. तुझेच धडे तुला शिकवतेय, हसू नकोस. इथं शिकवायला दुसरं कोणी नाही.

माझी सॅक आहे अजून. तिच्यात सासूबाई कांदे ठेवतात. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी कांदे काढते, चादर नि कटपीसचा शिवलेला सलवार-कमीज भरते, पाण्याच्या बाटल्या ठेवते आणि सॅक पाठीला लावून खोलीत चालते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पलीकडे कापडाचे लूम खडखडत असतात म्हणून पावलं ऐकू येत नाहीत. मग पुन्हा कांदे.

एकदा हे कारखान्यातून लवकर आले आणि दारातच उभे राहिले. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “मायले इचार.” माणूस वाईट नाही, पण आईपुढे त्यांच्या तोंडाला कुलूप.

माहेरी जाऊ का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “मुराळी येऊ दे. मुराळ्याबिगर सून धाडत नसतात.”

मला न्यायला येणारा मुराळी म्हणजे तूच ना, भाऊ. दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला आलास तो थेट डोंगरावरून. हाफ पँट, पाठीवर सॅक, धुळीचे बूट पार देव्हाऱ्यापर्यंत. हातात ना सांजोऱ्यांचा डबा, ना सासूबाईंना पातळ. “हाऊ मुराळी शे का हमाल?” एवढं त्या बोलल्या आणि तू या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही अशी शपथ घेऊन आल्या पावली गेलास. मी बांधलेली पिशवी धरून दारात राहिले. तेव्हापासून माहेर पाहिलं नाही.

रागावले नाही असं लिहिणार होते. रागावले आहे. शपथ तू घेतलीस, ती पाळतेय मी.

आणखी एक, माझ्यासाठी बूट आण. आईच्या पलंगाखाली जुने असतील. इथले मिळायचे नाहीत. होळीच्या आधी मी एकटीच निघाले होते. उधना स्टेशनपर्यंत पोचले, तिकीटही काढलं. गल्लीतल्या लोटूकाकांनी पाहिलं आणि घरी आणून सोडलं. तेव्हापासून बूट सासूबाईंच्या पेटीत आणि किल्ली त्यांच्या कमरेला. आता भाजीला निघाले तरी कोणीतरी सोबत असतं. आईला हे सांगू नकोस.

तर या वेळी तुझी सॅक अशी भर. तळाशी माझे बूट. मध्ये तुझे कपडे. वर पातळ, हिरवं नको, त्यांना आवडत नाही. सगळ्यात वर सांजोऱ्यांचा डबा. अंगात पायजमा-सदरा, डोक्याला टोपी. स्वतःचे बूट दाराबाहेर काढ, त्यांच्या पाया पड. त्या बोलतील. ऐकून घे, मी रोज ऐकते.

साल्हेर हुकला तरी चालेल मला. जे आधी लागणार ते वर ठेवायचं, हे नव्या पोरींना सांगितलं आणि पत्रात मात्र तळाशी ठेवलं. मला घ्यायला ये.

रोज सॅक भरून पुन्हा रिकामी करणारी,
तुझी जयश्री