चाळिसावं ताट

१७ मे

ती. आत्यास भिंगरीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. झाडं मोजायला आलेल्या या तुकडीत आम्ही चाळीस जण, मुक्काम अठ्ठावीस दिवसांचा, स्वयंपाक माझ्याकडे. तुझी वसतिगृहातली चाळीस पोरींच्या आठवड्याच्या शिध्याची यादी मी चौपट केली होती. आज पोती मोजली, तर दिवस उरलेत अकरा आणि डाळ-तांदूळ जेमतेम सात दिवसांचा! पूल वाहून गेलाय. टपालवाला दोराला धरून थैली आणतो, पोतं कसं येणार? कोठीची किल्ली कोठीवाल्या काकांकडे असते, असं मी प्रमुखांना बोलून बसले. आता ते काकांना जाब विचारणार. माझं काही चुकलं का गं? लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझी भाची,
भिंगरी

१९ मे

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जुनी यादी काढून बघितली. अगं वेडे, चोर कोणी नाही! वसतिगृहाची चूल रविवारी बंद असायची, पोरी घरी जायच्या. तीस वर्षं माझा आठवडा सहाच दिवसांचा. ते यादीवर लिहायचं मला सुचलं नाही. मला कुणी शिकवलंय यादी करायला? आधी काकांचे पाय धर. मग सगळ्यांना उघड सांग आणि त्याच दिवसापासून अर्धं वाढ. आमटी पातळ म्हणून कुणी तोंड वाकडं केलं, तर माझ्या नावाने बोटं मोडू देत. जीव तुझ्यापाशीच आहे.

आत्या

२१ मे

ती. आत्यास सा. न.

पत्र आज मिळालं. काका कालच निघून गेले. प्रमुखांनी त्यांना टपालवाल्याबरोबर खाली पाठवलं. जाताना काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. आज सगळ्यांसमोर चूक सांगितली. प्रमुख मान खाली घालून बसले. चार दिवसांचा शिधा आठ दिवस पुरवतेय. त्यात काकांचं एक ताट कमी, म्हणून बाकीच्यांना घासभर जास्त येतं. तो घास वाढायला हात उचलत नाही, आत्या. त्यांचं घर तुझ्या बाजारामागच्या गल्लीत आहे. मला लिहायचा धीर होत नाही. तू जाशील? माया असू दे, मी अशी असले तरी.

भिंगरी

२३ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद.

जाऊन आले. शेजारी दारात कुजबुजत होते, म्हणून मी गल्लीतच उभी राहून मोठ्याने सांगितलं की यादी माझी, चूक माझी, या माणसाने दाणाही घेतलेला नाही. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. ते भिंतीकडे बघत बसले. माफ केलं म्हणाले नाहीत, मीही माफी मागितली नाही. मी निघाले तेव्हा त्यांनी मागून एवढंच विचारलं, कोठीत ओल चढते, पोत्यांखाली फळ्या सरकवल्यात का म्हणून.

आधी फळ्या सरकव. मग स्वतःच्या हाताने त्यांना तसं कळव.

तुझीच,
आत्या