बहात्तर इंचांचं धनुष्य

६ सप्टेंबर, शनिवार

आजपासून नवं आयुष्य.

रेनोने कॉलेज सोडलं असं आई गावभर सांगत फिरते. सोडलेलं नाही, थांबवलंय. ज्या प्राध्यापकाने भर वर्गात मी ओळखलेल्या स्प्रूसला फर हे दुसरंच झाड ठरवलं त्याच्यासमोर मी पुन्हा बसणार नाही. ते झाड स्प्रूसच होतं.

निश्चय: हरीण मारायचं ते लाँगबोने. बंदुकीने कुणीही मारतो. धनुष्याने शिकार करायचा सीझन एक ऑक्टोबरला उघडतो. पंचवीस दिवस आहेत. भरपूर.

दुपारी गावातल्या ओनी आजोबांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. आमच्या तळ्याच्या काठी धनुष्य हवं असलं तर त्यांच्याकडेच जावं लागतं. मापं त्यांची नात ऐली घेते. हे मला आधीपासून माहीत होतं, पण मुद्दा धनुष्याचा आहे.

ऐलीने एक हलकं धनुष्य आणि इंचांच्या खुणा केलेला बाण हातात दिला. दोरी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ओढ म्हणाली. एवढ्यात लक्षात आलं की मागे स्टोव्हजवळ सॉमिलवाला कालेर्वो कॉफी पीत बसलाय. सहा फूट चार इंच, हात गुडघ्यापर्यंत, तोंडात शब्द नाही. त्याच्या देखत ओठापाशी थांबणं जमेना. छाती फुगवली आणि दोरी थेट कानामागे नेली. एकोणतीस इंच! डोळ्यांपुढे काजवे चमकले. ऐली फक्त 'हं' म्हणाली.

मग मला दाराच्या चौकटीला पाठ लावून हात पसरायला सांगितलं आणि टेप घेऊन एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत गेली. मध्यावर ती माझ्यापासून चार इंचांवर होती. लाकडाच्या भुशाचा वास. खेच, म्हणजे दोरी किती ओढतो ते, मोजून झाली होती, मग पुन्हा हात कशाला मोजायचे? सगळ्यांचे मोजते का? मला नाही वाटत. चौकटीवर पेन्सिलीने तिने काहीतरी लिहिलं. मी तिकडे बघितलं नाही. मी तिच्याकडे बघत होतो.

ओनी आजोबा म्हणाले, चौसष्ट इंच लांबीचं घे. मी म्हणालो, बहात्तर. उभं राहून मारणार की बसून, त्यांनी विचारलं. लपणात बसून. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"बहात्तर?"

"बहात्तर."

"आणि तू स्वतः किती?"

मी पाच फूट चार. म्हणजे चौसष्ट. पण त्याचा इथे काय संबंध?

७ सप्टेंबर, रविवार

आईला सांगितलं की येत्या दोन वर्षांत ऐलीशी लग्न करणार. ती रुटाबागाचे कंद चिरत होती, सुरी थांबली. म्हणाली, अरे रेनो, ऐलीचं तर कालेर्वोशी... पुढे काय म्हणते ते ऐकायला मी थांबलो नाही. दार आपटून बाहेर पडलो. या घरात कुणाचा माझ्यावर विश्वास नाही. दाराची वरची बिजागरी निघाली. उद्या बसवतो.

११ सप्टेंबर

धनुष्याच्या लांबीवर चौदा व्हिडिओ बघितले. बारा जण म्हणतात, बसून शिकार करायची तर आखूड घ्या, फांदीला अडकत नाही. दोघे म्हणतात, लांब धनुष्य शांत असतं, दोरीत बोटं चिमटत नाहीत, नेम चुकत नाही. हे दोघे अभ्यासू वाटले.

बिजागरी राहिली.

२० सप्टेंबर, शनिवार

धनुष्य मिळालं. हिकरीच्या लाकडाचं, मधासारखा रंग. दोरी चढवून उभं केलं तर माझ्या डोक्यावरून वर गेलं. कालेर्वो तिथेच होता. (त्याला मिलमध्ये काही काम नसतं का?) त्याने हात फिरवून बघितलं आणि इतकंच म्हणाला, सुंदर आहे. जळला.

ऐली कॉफी ओतत होती. मनाचा हिय्या करून विचारलं: एक तारखेला, पहिल्याच दिवशी हरीण आणलं तर शनिवारी हॉलमधल्या नाचाला माझ्याबरोबर येशील? तिने कालेर्वोकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं नाही, गंमत वाटल्यासारखं. मग म्हणाली:

"आणलंस तर पहिला नाच तुझा. चुकलास तर तुझ्या शर्टाचं शेपूट मी कापणार."

आमच्या सगळ्या शिकारी कॅम्पवर हा रिवाज आहे. नेम चुकलेल्याच्या शर्टाचा मागचा लोंबता भाग कापायचा आणि नाव-तारीख लिहून भिंतीवर ठोकायचा. ओनी आजोबांच्या कॅम्पची भिंत गोधडीसारखी दिसते. माझा तुकडा तिथे लागणार नाही.

स्वतःच्या हाताने कापणार म्हणाली. कापायला माणूस किती जवळ येतो!

२४ सप्टेंबर

सराव. अंगणात उभं राहून वीस पावलांवरून पंचवीसपैकी नऊ बाण गवताच्या गंजीत. उरलेल्यांपैकी एक आईच्या धुणं वाळत घालायच्या खांबात. खांबातला सर्वांत सरळ होता.

बाण जरा दमल्यासारखे जातात. लाकूड नवीन आहे, मोकळं होईल.

२८ सप्टेंबर, रविवार

लपण तयार. प्लायवूडचं, उबदार, छत पाच फुटांवर. आत बादली उपडी घालून बसलो आणि धनुष्य उभं धरलं. वरचं टोक छताला लागलं. तिरकं धरलं तर एक टोक भिंतीला, दुसरं गुडघ्याला.

दुसरा कुणी असता तर खचला असता. मी करवत आणून छताला भोक पाडलं. आता टोक आरामात बाहेर जातं. अडचण आली की डोकं चालवावं लागतं. ते कॉलेजात शिकवत नाहीत.

बिजागरीचा विषय आईने पुन्हा काढला. मी एका वेळी एकच गोष्ट करतो.

३० सप्टेंबर, संध्याकाळी

उद्या लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट घालणार. आईने वाढदिवसाला दिलेला, अजून घडी मोडलेली नाही. हरीण आणताना हा, शनिवारी नाचतानाही हाच. ऐलीला आठवण राहील.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी सव्वासात

लपणात. पाऊस. भोकातून थेट मानेवर पडतोय. मन मात्र प्रसन्न. मांस-बटाटा भरलेली पेस्टी अजून गरम आहे, मांडीजवळ ठेवलीय. लिहितो थोडं, तेवढ्यात

त्याच दिवशी, दुपारी चार

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. घाईने निष्कर्ष काढू नये.

साडेसातला नर आला. सहा टोकांची शिंगं, पंधरा पावलांवर. मी धनुष्य उचललं, टोक भोकातून बाहेर काढलं आणि दोरी ओढली. हात थरथरत होते, म्हणजे वर छतावर टोकही हलत असणार. हरणाने मान वर केली. माझ्याकडे नाही, टोकाकडे. असं काही त्याने आयुष्यात बघितलं नसावं. एक पाऊल पुढे आलं.

मी दोरी सोडली. टोक भोकाच्या कडेला अडकलं, धनुष्य वाकडं झालं आणि बाण जमिनीकडे गेला. पेस्टीतून आरपार, बादलीला भोक पाडून थांबला.

हरीण पळालंसुद्धा नाही. चालत गेलं.

कॅम्पवर माझं म्हणणं मांडलं. बाण हरणाच्या दिशेने गेलाच नाही, मग नेम चुकला कसा? पेस्टीला तर बरोबर मध्यावर लागला. ओनी आजोबांनी नियम असा सांगितला की हरीण समोर होतं, बाण सुटला, हरीण जिवंत आहे. मला राग आला. पुराव्यासाठी आणलेल्या बादलीला लाथ मारली, तर तिच्यात अजून बाण होता.

ऐलीने कात्री आणली. म्हणाली, वळ. कात्री थंड होती. 'नवा आहे का रे?' तिने विचारलं. मी नाही म्हणालो.

घरी आल्यावर आईने शर्ट पाठीकडून बघितला, काढून घेतला आणि नीट घडी घालून ठेवला. हे जास्त लागलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

धनुष्यात दोष आहे हे सांगायला वर्कशॉपमध्ये गेलो. वाटेत वाक्यं पाठ केली होती. ऐलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, हात पसर. या वेळी छाती फुगवली नाही. शक्तीच नव्हती. चौसष्ट इंच. भागिले अडीच. साडेपंचवीस.

"हीच तुझी खरी खेच," ती म्हणाली. एकोणतीस इंच ओढल्यावर पन्नास पौंडांचा जोर देणारं धनुष्य मी साडेपंचवीसच इंच ओढत होतो, म्हणजे माझ्या हातात ते जेमतेम चाळिसाचं. म्हणून बाण दमत होते.

ती लिहायला चौकटीकडे वळली आणि थांबली, कारण आकडा तिथे आधीच होता. तिच्याच अक्षरात. '२९ म्हणतो.' खाली: 'खरं २५॥.' तारीख सहा सप्टेंबर.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण दोन-तीन इंच वाढवूनच सांगतो. तू साडेतीन."

मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, तुझ्या कानामागे दोरी होती रे, ऐकणार कसा होतास? ओनी आजोबा हसता हसता खोकले. मग दारामागून एक धनुष्य काढून हातात दिलं. चौसष्ट. तेही सप्टेंबरातच करून ठेवलेलं. ओढून बघितलं. दोरी ओठापाशी आली आणि तिथेच राहिली, जणू तिला पुढे कुठे जायचंच नव्हतं.

बहात्तरचं मी टेबलावर ठेवलं. नेहमीसारखा स्टोव्हजवळ बसलेल्या कालेर्वोने ते उचललं, ओढलं. त्याच्या हातात ते धनुष्य वाटत होतं. माझ्या हातात तंबूचा बांबू वाटत असावा.

५ ऑक्टोबर, रविवार

काल नाच. मधेच ओनी आजोबांनी अकॉर्डियन थांबवायला लावलं आणि ऐली-कालेर्वोच्या लग्नाची तारीख सांगितली. वीस डिसेंबर. साखरपुडा जूनमध्येच झाला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. आई माझ्याकडे बघत होती. सात सप्टेंबरला मी दार आपटलं तेव्हा हेच वाक्य अर्धं राहिलं होतं.

पायऱ्यांवर जाऊन बसलो. कालेर्वो शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, ते धनुष्य तुझ्या हट्टामुळे मला मिळालं, लग्नात माझा पाठराखा म्हणून बाजूला उभा राहशील का? त्याला मारावंसं वाटलं. हात पोचला नसता. हो म्हणालो.

शेवटचा नाच ऐलीने दिला, मी न मागता. शर्ट मागून सारखा वर जात होता. तिने दोनदा ओढून खाली केला, तिसऱ्यांदा हसायलाच लागली, मग मीही. साडेपंचवीस इंचांत नाचता येतं, व्यवस्थित.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी बिजागरी बसवली. आईने पेस्टी दिली.

दुपारी लग्नाचे सूट भाड्याने देणाऱ्या दुकानातून फोन आला. बाईंनी माझी उंची विचारली.

पाच फूट सहा सांगितली. बुटांसकट.