मागच्या सीटवरची गोधडी

भातकुली, १९६२

वकीलसाहेब दिगंबरराव, बैतूल, यांना पुंजाजीचा रामराम.

तुमची जुनी मोटर मध्यप्रदेशातून आणली, पण महाराष्ट्राचा नंबर लवकर मिळाला नाही. अमरावतीच्या आफिसात साहेबानं रिकाम्या गाडीचं वजन मागितलं. कापसाच्या गाड्या तोलतात त्या मोठ्या काट्यावर मी मोटर चढवली. काटेवाला म्हणाला, "पयले मागच्या बुढीले उतरवा." मागं कोणीच नव्हतं. तुमच्या वारलेल्या मायची गोधडी तेवढी सीटवर होती. राहू द्या, सीट फाटकी आहे, असं तुमीच म्हटलं होतं.

आमच्यात बैल विकला तरी दावं मालक ठेवून घेते, नाही तर घरचं वारलेलं माणूस बैलामागं निघून जाते म्हणतात. मोटरीले दावं नसते, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आता नंबर बदलला, मालक म्हणून माहं नाव लागलं. गोधडी परत द्याले निघालो, तर परतवाड्याच्या पुढं घाटाखाली मोटर बंद पडली. ढकलून गावाकडं वळवली तशी सुरू झाली. माही बायको मैना रोज मोटरीत भाकर ठेवते. मी काचा लावून पाहिल्या, तरी ताट रिकामंच येते.

बुढी मले दिगू म्हणून हाक मारते. तुमी तिले न्याले या, हेच लिहाले बसलो होतो. पण काल तिनं हाक मारली अन् माह्या तोंडून 'ओ माय' निघून गेलं. आता तुमी आले तर ती मलेच विचारन, हा कोण. म्हणून पत्र टाकत नाही.

अजून तरी,
पुंजाजी