फळ्यावरून उतरलेला ब्रेक

ती. आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. भांडू नका, दोघांना पुरेल एवढा आहे!

अगं, आज आनंदानं नुसती नाचतेय. लिफ्टच्या कंपनीत उमेदवारीला लागले, तेव्हा मालक चिडलेच होते. "प्रशिक्षण घेऊन आलीस आणि लिफ्टचा साधा ब्रेक खोलता येत नाही?"

मी बोलून गेले, "साहेब, प्रशिक्षण संस्थेत तो फळ्यावरच पाहिलाय. गोदामात तुमची जुनी मोटर ब्रेकसकट धूळ खातेय, ती द्या ना आमच्या संस्थेला."

ते तडक आत निघून गेले. वाटलं, गेली नोकरी! पण आज स्वतःच टेम्पोत मोटर घालून संस्थेत हजर. बाह्या सरसावून ब्रेक खोलून दाखवला, मग प्रत्येकाकडून खोलून घेतला. आमचे सरही रांगेत! आता दर शनिवारी कंपनीचा मिस्त्री शिकवायला येणार.

ब्रेक खोलताना बोटाला जरासं लागलंय, पण जेवता येतंय. बाबांचा खोकला कसाय? "बरा आहे" एवढंच नको लिहूस, खरं सांग.

निघताना मालक सरांना म्हणाले, "पुढची पोरं इथूनच घेईन." मग माझ्याकडे वळून, "आणि ही तर माझ्याकडे पक्की."

आई, मी पक्की झाले!

तुझीच,
नाचणारी लेक