सातव्या कांडीचा आकडा

१४ नोव्हेंबर, सकाळ

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? माझं ठीक. खोलीतला नळ अजून गळतोय. घरमालकीण म्हणते, "बघू." दोन महिने बघतेच आहे.

तू अणुभट्टीतून काढून पाठवलेल्या कांड्या तपासून झाल्या. बोटभर लांबीच्या, भट्टीच्या दाबपात्राच्याच पोलादाच्या, पंचवीस वर्षं त्याच्या पोटात राहिलेल्या. पात्र किती ठिसूळ झालंय, तडकेल का, ते त्याच सांगणार. जाड काचेमागे, यांत्रिक हातांनी, एकेक कांडी गार करायची, टेकूंवर ठेवायची, पाच सेकंदांत तिच्यावर लोलकाचा घण सोडायचा. तुटताना तिनं किती जोर खाल्ला, तो आकडा वहीत लिहायचा. आकडा जितका कमी, तितकं पोलाद ठिसूळ.

तू फोनवर म्हणालास, "भित्रे, लोलक जरा हळू सोड. भट्टी बंद पडली तर या वयात मला कोण ठेवून घेणार?" आपण दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी सहा कांड्या साठीच्या आसपास तुटल्या. सातवी एकोणिसाला. तुटलेली बाजू साखरेसारखी चकाकत होती. चिवट पोलाद असं चकाकत नाही.

कांडी टेकूंवर तिरकी बसली असेल, तर तो आकडा बाद करता येतो. मी वहीत लिहिलं, तिरकी बसली.

प्रयोगशाळेतल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत ना?"

"हो."

"मग झालं." त्यांनी सही केली.

त्याला नऊ दिवस झाले. वहिनीच्या गुडघ्याची चौकशी करते, कारण तू रोज त्या पात्राशेजारी किती वेळ असतोस हे विचारायचा धीर होत नाही.

काल ते दोन तुकडे पुन्हा पाहिले. दोन्हींवर टेकूंचे ठसे, तुटलेल्या कडेपासून सारख्याच अंतरावर. कांडी सरळ बसली होती.

हे मला तेव्हाही माहीत होतं.

अहवाल दुपारी जाणार. मी एकोणीस पुन्हा लिहिलाय, खाली तो बाद का केला त्याचं खरं कारण आणि माझी सही. दहा वाजता वही साहेबांपुढे ठेवीन. जाताना हे पत्र पेटीत टाकीन. फोन केला असता तर तू हसवलं असतंस, आणि मी पान फाडलं असतं.

आधी तुझी नोकरी जाईल म्हणून घाबरले. आता तू जाशील म्हणून.

तू ठेवलेल्या नावाला जागणारी,
भित्री